पूर्वेचा रस्ता मोरेहपाशीच का अडतो?

२००४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात गुवाहाटीहून मोटारींचा एक मोठा ताफा पूर्वेकडे निघाला. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी त्याला निशाण दाखवले होते. मणिपूरमधील मोरेह या सीमेवरच्या गावातून हा ताफा म्यानमारमध्ये शिरला आणि एकामागून एक देश ओलांडत, सुमारे आठ हजार किलोमीटरचे अंतर कापून इंडोनेशियातील बाताम बेटावर पोहोचला. भारत आणि आग्नेय आशिया हे जमिनीने जोडलेले शेजारी आहेत, हे दोन्हीकडच्या लोकांच्या मनावर ठसवणे हा त्या मोटार रॅलीचा हेतू होता. नकाशावर तर ते सर्वांना दिसतच होते. रॅलीने ते प्रत्यक्ष करून दाखवले.

या घटनेला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. दरम्यान भारत आणि 'आसियान' संघटना यांच्यात मुक्त व्यापार करार झाला, संबंधांना आधी 'सामरिक' आणि मग 'सर्वंकष सामरिक' भागीदारीचा दर्जा मिळाला, 'लूक ईस्ट'चे 'अॅक्ट ईस्ट' झाले. २०१८ च्या प्रजासत्ताकदिनी आसियानच्या दहाही देशांचे नेते राजपथावर प्रमुख पाहुणे म्हणून एकत्र बसले. परंतु त्या रॅलीच्या मार्गाने एखाद्या व्यापाऱ्याने आज मालाने भरलेला ट्रक गुवाहाटीहून बँकॉकला न्यायचे ठरवले, तर तो नेता येत नाही. मोरेहच्या अलीकडे मे २०२३ पासून मणिपूर दुभंगलेले आहे. मोरेहच्या पलीकडे म्यानमारचा सागाइंग प्रांत यादवीत होरपळतो आहे. आणि या दोहोंच्या मधल्या सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय खुद्द भारतानेच घेतला आहे.

भारताच्या परराष्ट्र धोरणात इतके सातत्य लाभलेले दुसरे सूत्र क्वचितच सापडेल. नरसिंह राव, देवेगौडा, गुजराल, वाजपेयी, मनमोहन सिंग आणि मोदी या सर्वांनी पूर्वाभिमुख धोरण आपले मानले. मग ज्या दारातून पूर्वेकडे जायचे, तेच दार बंद का राहिले? या प्रश्नाचे उत्तर केवळ म्यानमारच्या लष्करी राजवटीवर ढकलून चालणार नाही. त्याचा मोठा भाग आपल्याकडे, दिल्लीत आणि दिल्लीच्या प्राधान्यक्रमात आहे.

संकटातून जन्मलेले धोरण

१९९१ साली भारतापुढे एकाच वेळी दोन संकटे उभी राहिली. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती आणि ज्या सोव्हिएत संघाच्या आधारावर आपले परराष्ट्र धोरण उभे होते, तो त्याच वर्षाअखेर विसर्जित झाला. भांडवल, बाजारपेठ आणि मित्र या तिन्हींचा शोध घेताना पंतप्रधान नरसिंह राव यांची नजर वेगाने वाढणाऱ्या आग्नेय आशियाकडे वळली. या देशांशी आपले संबंध त्याआधी काहीसे थंडच होते. शीतयुद्धाच्या काळात त्यांतील अनेक देश अमेरिकेच्या बाजूचे होते, आपण सोव्हिएत संघाच्या जवळचे मानले जात होतो, आणि कंबोडियाच्या प्रश्नावर आपण व्हिएतनामची बाजू घेतल्याने आसियानमध्ये नाराजी होती.

राव यांनी ही कोंडी फोडली. १९९२ मध्ये भारत आसियानचा क्षेत्रीय संवाद-भागीदार झाला. सप्टेंबर १९९४ मध्ये सिंगापूर येथील व्याख्यानात राव यांनी या नव्या दिशेची जाहीर मांडणी केली. १९९५ मध्ये पूर्ण संवाद-भागीदारीचा निर्णय झाला, १९९६ मध्ये आसियानच्या सुरक्षाविषयक व्यासपीठावर भारताला स्थान मिळाले, २००२ पासून शिखर परिषदा सुरू झाल्या आणि २००५ मध्ये क्वालालंपूर येथे भरलेल्या पहिल्या पूर्व आशिया शिखर परिषदेला भारत संस्थापक सदस्य म्हणून उपस्थित होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी म्यानमारची राजधानी नेपिडो येथे 'अॅक्ट ईस्ट'ची घोषणा केली. नुसते पाहणे पुरे, आता कृती हवी, असा त्या नामांतराचा अर्थ होता.

राव यांच्या धोरणाची एक बाजू मात्र कमी चर्चिली जाते. म्यानमारमध्ये १९८८ च्या लोकशाही आंदोलनानंतर भारताने आंग सान स्यू की यांची उघड बाजू घेतली होती; १९९३ सालचा नेहरू पुरस्कारही त्यांना देण्यात आला. तरीही राव सरकारने यांगूनच्या लष्करशहांशी बोलणी सुरू केली. १९९४ मध्ये सीमा-व्यापाराचा करार झाला आणि एप्रिल १९९५ मध्ये मोरेह आणि पलीकडचे तामू यांच्यामधला व्यापार अधिकृतपणे खुला झाला. ईशान्येतील सशस्त्र गटांचे तळ म्यानमारच्या जंगलात होते, चीनचा तेथील प्रभाव वाढत होता, आणि पूर्वेकडे जाणारी जमिनीवरची एकमेव वाट याच देशातून जात होती. तत्त्व आणि भूगोल यांच्या झटापटीत भूगोलाची सरशी झाली. भूगोलासाठी इतकी किंमत मोजल्यावर निदान त्याचा लाभ तरी पदरात पडायला हवा होता.

समुद्राचा हिशेब

पूर्वाभिमुख धोरणाचे मूल्यमापन करताना आपण नेहमी एक चूक करतो. समुद्रमार्गे चालणारे संबंध आणि जमिनीवरून चालायचे संबंध यांचा हिशेब आपण एकाच वहीत मांडतो. त्यामुळे एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यातील तूट झाकून टाकते.

समुद्राच्या खात्यात जमेची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायला हवे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अवघ्या काही अब्ज डॉलरचा असलेला भारत-आसियान व्यापार आता वर्षाला १२० अब्ज डॉलरच्या घरात गेला आहे. सिंगापूर हा भारतात थेट परकीय गुंतवणूक करणाऱ्या देशांत अग्रस्थानी आहे. सिंगापूरच्या नौदलाबरोबर १९९४ पासून आपल्या संयुक्त कवायती सुरू आहेत. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने 'ब्राह्मोस' क्षेपणास्त्रांसाठी सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप मनिलाला पोहोचली. २०२३ मध्ये 'आयएनएस कृपाण' ही युद्धनौका भारताने व्हिएतनामला भेट दिली. दक्षिण चीन समुद्रातील चीनच्या दांडगाईने धास्तावलेल्या देशांना भारत हा भरवशाचा मित्र वाटू लागला आहे, हे तीस वर्षांपूर्वी कोणाला खरे वाटले नसते.

या खात्यातही उणिवा आहेतच. ऑगस्ट २००९ मध्ये झालेला आणि जानेवारी २०१० पासून अमलात आलेला वस्तू-व्यापार करार आपल्याला लाभला की तोट्यात गेला, यावर उद्योगजगत आजही विभागलेले आहे. आसियानबरोबरची वार्षिक व्यापारी तूट २०२२-२३ मध्ये ४० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. इंडोनेशिया आणि मलेशियाचे पामतेल स्वस्तात आले की शहरातील गृहिणीला दिलासा मिळतो, पण विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकाच्या पोटात गोळा येतो. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के केले गेले आणि मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. या चढउतारात सरकारची हीच ओढाताण दिसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉक येथे भारताने 'आरसेप' या विशाल व्यापार करारातून अंग काढून घेतले, त्यामागेही चिनी मालाच्या लोंढ्याची भीती होती. ती अनाठायी नव्हती. परंतु आसियान देश मात्र त्या करारात आहेत, आणि चीनशी त्यांचा व्यापार ९०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. आपला आकडा त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका आहे.

हे सारे खरे असले तरी समुद्राच्या खात्यातील अडचणी वाटाघाटींनी सुटण्यासारख्या आहेत. वस्तू-व्यापार कराराच्या फेरआढाव्याचे काम २०२३ मध्ये दोन्ही बाजूंनी हाती घेतले, ते याच वाटेने. जमिनीच्या खात्याचे तसे नाही.

जमिनीचा हिशेब

भारत-म्यानमार-थायलंड त्रिपक्षीय महामार्गाची कल्पना २००२ मध्ये मांडली गेली. मोरेह ते थायलंडमधील माए सॉट असा सुमारे १,३६० किलोमीटरचा हा रस्ता. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, भारताने तामू-कालेवा-कालेम्यो हा १६० किलोमीटरचा 'मैत्री मार्ग' बांधून म्यानमारच्या स्वाधीन केला होता. पुढचे काम दोन टप्प्यांचे होते. तामू-कालेवा रस्त्यावरील ६९ जुने पूल नव्याने बांधायचे आणि कालेवा ते यागी हा १२० किलोमीटरचा रस्ता दुरुस्त करायचा. दोन्ही जबाबदाऱ्या भारताच्या होत्या. दोन दशके उलटली, मुदती वाढत गेल्या, ठेकेदार बदलले, प्रकरणे न्यायालयात गेली. तोवर १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि सागाइंग प्रांत रणांगण बनला. तिन्ही देशांची वाहने एकमेकांच्या हद्दीतून जाऊ देणाऱ्या मोटार वाहन कराराचा मसुदा २०१५ मध्ये तयार झाला होता, तोही पुढे सरकला नाही.

दुसरा प्रकल्प कलादानचा. त्यामागील कल्पना मोठी आकर्षक आहे. कोलकात्याहून ५३९ किलोमीटर समुद्रमार्गे म्यानमारच्या राखाईन प्रांतातील सितवे बंदर, तेथून कलादान नदीतून १५८ किलोमीटर वर पलेत्वा, आणि पलेत्वाहून १०९ किलोमीटर रस्त्याने मिझोरामच्या सीमेवरील झोरिनपुई. ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारी सिलिगुडीची पट्टी तिच्या सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे. तिला पर्याय म्हणून हा मार्ग. २००८ मध्ये करार झाला. ५३६ कोटी रुपयांचा अंदाजित खर्च २०१५ मध्ये २,९०४ कोटींवर गेला. मे २०२३ मध्ये कोलकात्याहून निघालेले पहिले मालवाहू जहाज सितवेला लागले, तेव्हा आता प्रकल्प मार्गी लागला असे वाटले. आठ महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, अराकान आर्मी या सशस्त्र संघटनेने पलेत्वा जिंकून घेतले. आज बंदराचे शहर लष्कराकडे आणि नदी व रस्त्याचा मोठा भाग बंडखोरांकडे, अशी या मार्गाची विभागणी झालेली आहे.

याच काळात चीनने काय केले? त्याच राखाईन किनाऱ्यावर, सितवेच्या दक्षिणेला क्याउकफ्यू आहे. तेथून चीनच्या युनान प्रांतापर्यंत वायुवाहिनी २०१३ मध्ये आणि तेलवाहिनी २०१७ मध्ये सुरू झाली. कुनमिंग ते लाओसची राजधानी व्हिएन्टिआन हा सुमारे हजार किलोमीटरचा लोहमार्ग डिसेंबर २०२१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. लाओसमधील त्याचे बांधकाम पाच वर्षांत उरकले. त्यापायी लाओसच्या डोक्यावर कर्जाचा बोजा बसला, हे खरे. चीनची पद्धत अनुकरणीय आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण शेजाऱ्याला जेव्हा निवड करायची असते, तेव्हा तो एका बाजूला असलेला कर्जाचा लोहमार्ग आणि दुसऱ्या बाजूला असलेला अनुदानाचा अपुरा पूल यांची तुलना करतो. आपण पैसा अनुदान म्हणून दिला, अटी जाचक घातल्या नाहीत, हेतूही शुद्ध ठेवला. काम मात्र पुरे केले नाही.

तुरीची वाट

इथे एक प्रश्न विचारायला हवा. तीन-चार सरकारे बदलूनही, पैसा मंजूर असूनही हे रस्ते रखडले, तर त्याबद्दल देशात कुठे ओरड का झाली नाही?

याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात सापडते. म्यानमार भारताला तूर आणि उडीद पुरवणारा महत्त्वाचा देश आहे. तेथील शेतकरी तूर पिकवतो ती मुख्यतः भारतासाठी. २०२१ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार पाच वर्षे दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर म्यानमारकडून घेण्याचे भारताने मान्य केले. मुंबईच्या डाळबाजारात म्यानमारची 'लेमन' तूर नावाने ओळखली जाते आणि तिचा भाव रोज सांगितला जातो. ही डाळ येते कुठून? यांगूनहून जहाजाने, चेन्नईला किंवा न्हावाशेवाला. मोरेहच्या रस्त्याची तिला गरज नाही.

महाराष्ट्राला ब्रह्मदेश नेहमी समुद्रातूनच भेटला आहे. १९०८ मध्ये शिक्षा झालेल्या लोकमान्य टिळकांना मंडालेला नेले ते बोटीने रंगूनमार्गे. त्याआधी १८८५ मध्ये पदच्युत झालेला थिबा राजा रत्नागिरीत आणला गेला, तोही समुद्रमार्गानेच. मुंबई, चेन्नई, अहमदाबाद येथील व्यापाऱ्याला आणि उद्योजकाला आग्नेय आशिया गाठण्यासाठी बंदर पुरते. जमिनीवरचा रस्ता लागतो तो इम्फाळच्या, ऐझॉलच्या, कोहिमाच्या माणसाला. त्याच्यासाठी सर्वांत जवळचे मोठे भारतीय बंदर कोलकात्याला आहे आणि मंडाले त्याहून जवळ आहे.

म्हणजे ज्यांना या रस्त्याची गरज आहे, त्यांचा आवाज दिल्लीत पोहोचत नाही. आणि ज्यांचा आवाज पोहोचतो, त्यांना या रस्त्याची गरज नाही. मिझोराममधून लोकसभेत एक खासदार जातो, नागालँडमधून एक, मणिपूरमधून दोन. पुलाचे काम दहा वर्षे रखडले तर मुंबईच्या शेअर बाजारात काही हलत नाही. पूर्वाभिमुख धोरणाचा समुद्री भाग बाजाराच्या रेट्याने पुढे सरकला. जमिनीच्या भागाला असा रेटाच नव्हता. त्याला राजकीय इच्छाशक्तीचा आधार हवा होता, आणि ती भाषणांपुरती राहिली.

दार आणि कुंपण

ईशान्येला 'आग्नेय आशियाचे प्रवेशद्वार' म्हणण्याची प्रथा पडली आहे. या प्रवेशद्वाराची आजची अवस्था पाहा. मे २०२३ मध्ये मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी समाजांत हिंसाचार उसळला. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे साठ हजार लोक घरादाराला मुकले. इम्फाळचे खोरे आणि भोवतालचे डोंगर यांच्यात सुरक्षा दलांच्या पहाऱ्याने राखलेले पट्टे निर्माण झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे राष्ट्रपती राजवट लागू करावी लागली. इम्फाळ ते मोरेह हे अंतर सुमारे ११० किलोमीटर. माए सॉटपर्यंतच्या महामार्गाची चर्चा आपण करतो, तेव्हा त्या महामार्गाकडे नेणाऱ्या, पूर्णपणे भारतीय हद्दीतील या ११० किलोमीटरवर सर्व समाजांचे लोक निर्धास्तपणे प्रवास करू शकत नाहीत, हे आपण विसरतो.

त्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने भारत-म्यानमार सीमेवरील मुक्त संचाराची व्यवस्था रद्द करण्याचा आणि १,६४३ किलोमीटरच्या संपूर्ण सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय जाहीर केला. या व्यवस्थेनुसार सीमेच्या दोन्ही बाजूंच्या रहिवाशांना १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाविना जाता येत असे. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. सीमा आखणाऱ्यांनी रेषा ओढली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना एकाच रक्ताची माणसे राहिली. मिझो आणि चिन, कुकी, नागा यांची गावे, शेते, सोयरीक सारे सीमेच्या आरपार आहे. नागालँडमधील लाँगवा गावात तर प्रमुखाच्या घरातूनच आंतरराष्ट्रीय सीमा जाते. मिझोराम आणि नागालँड या दोन्ही राज्यांनी कुंपणाला विरोध केला. डिसेंबर २०२४ पासून केंद्राने १० किलोमीटरपर्यंत, पासवर आणि ठरावीक नाक्यांवरून ये-जा करण्याची मुभा दिली. पण मुक्त संचार होता तो राहिला नाही.

सरकारची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. जून २०१५ मध्ये मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात १८ जवानांचा बळी घेणाऱ्या गटांचे तळ म्यानमारमध्येच होते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ मध्ये अफगाणिस्तानला मागे टाकून म्यानमार अफूचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक बनला. अमली पदार्थ आणि शस्त्रे याच सीमेवरून येतात. मणिपूरमधील मोठ्या वर्गाला सीमेवर कडक बंदोबस्त हवा आहे. परंतु गर्द जंगलाच्या, दऱ्याखोऱ्यांच्या या सीमेवर कुंपण पुरे व्हायला अनेक वर्षे लागतील, आणि अफूचा व्यापारी कुंपणाने थांबतो असा अनुभव जगात कुठे नाही. कुंपणाने थांबतो तो बाजारहाटाला निघालेला शेतकरी. लष्करी सत्तांतरानंतर मिझोरामने तीस हजारांहून अधिक चिन निर्वासितांना आसरा दिला. केंद्राची भूमिका वेगळी असतानाही तेथील सरकारने, चर्चने आणि सामान्य लोकांनी हा भार उचलला. आपल्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांच्या मनात भारताविषयी जी काही आपुलकी आहे, ती शिखर परिषदेतील ठरावांपेक्षा अशा कृतीतून अधिक निर्माण होते.

एकच देश, दोन खाती. परराष्ट्र मंत्रालय ज्या सीमेवर महामार्ग नेऊ पाहते, त्याच सीमेवर गृहमंत्रालय कुंपण घालते. दोघांचीही कारणे आपापल्या जागी योग्य असतील. पण दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदणार, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाकडेच नाही. पूर्वाभिमुख धोरणाची खरी गाठ इथे पडली आहे.

बांगलादेशचा धडा

जमिनीच्या या राजकारणात बांगलादेशचा अनुभवही विचारात घ्यायला हवा. शेख हसीना यांच्या कारकिर्दीत ईशान्येला बांगलादेशमार्गे समुद्राशी जोडण्याचे प्रयत्न वेगाने झाले. मार्च २०२१ मध्ये फेणी नदीवरील मैत्री सेतू, नोव्हेंबर २०२३ मध्ये आगरतळा-अखौरा लोहमार्ग यांची उद्घाटने झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना यांना देश सोडावा लागला आणि सगळे चित्र पालटले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला दिलेली पारगमन सवलत मागे घेतली, मे महिन्यात तेथील तयार कपड्यांना भूसीमेवरून प्रवेश बंद केला. म्यानमारच्या मार्गाला बांगलादेशचा पर्याय, आणि बांगलादेशच्या मार्गाला म्यानमारचा पर्याय, असा आपला हिशेब होता. दोन्ही पर्याय एकाच वेळी डळमळीत झाले.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. शेजारी देशातील एकाच सत्तेवर, एकाच नेत्यावर भिस्त ठेवून बांधलेला रस्ता त्या सत्तेबरोबर कोसळतो. म्यानमारमध्ये भारताने दीर्घकाळ नेपिडोशी संबंध राखले, कारण सीमेवर सहकार्य तेथूनच मिळत होते. आता सीमेचा मोठा भाग नेपिडोच्या हातात उरलेला नाही. अराकान आर्मी, चिन संघटना, सागाइंगमधील लोकांची संरक्षण दले यांच्याशी बोलल्याशिवाय कलादान नदीतून एकही पडाव पलेत्वाला जाणार नाही. चीन लष्कराशीही बोलतो आणि आपल्या सीमेवरील सशस्त्र गटांशीही. त्यात चीनचा स्वार्थ आहे. पण शेजारधर्मात वास्तवाची दखल घेण्याला पर्याय नसतो. १९९० च्या दशकात राव यांनी तत्त्व बाजूला ठेवून लष्कराशी बोलण्याचे धाडस दाखवले. आजच्या परिस्थितीत तसेच धाडस लष्कराबाहेरच्यांशी बोलण्यात आहे.

काय करता येईल?

निराश होण्याचे कारण नाही. ईशान्येत अंतर्गत दळणवळणाची कामे खरोखर पुढे गेली आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बैराबी-सैरांग लोहमार्गाचे उद्घाटन झाले आणि मिझोरामची राजधानी प्रथमच रेल्वेच्या नकाशावर आली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शिलाँग ते सिलचर या सुमारे १६७ किलोमीटरच्या महामार्गाला मंजुरी दिली. मात्र लोखंड आणि सिमेंट यांनी धोरण पुरे होत नाही.

पहिली गोष्ट, मणिपूरमधील शांतता हा केवळ कायदा-सुव्यवस्थेचा विषय न मानता परराष्ट्र धोरणाची पूर्वअट मानली पाहिजे. ज्या राज्यात शेजारच्या जिल्ह्यात जाता येत नाही, त्या राज्यातून शेजारच्या देशात जाण्याच्या गोष्टी पोकळ वाटतात. दुसरी, सीमेविषयीचे निर्णय घेताना चारही सीमावर्ती राज्यांना, म्हणजे अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोरामला, सल्लामसलतीत बरोबरीचे स्थान द्यायला हवे. तिसरी, महामार्ग पुरा होण्याची वाट न पाहता मोरेह आणि मिझोराममधील झोखावथार येथे छोटा व्यापार सुलभ करायला हवा. डिसेंबर २०१५ पासून वस्तुविनिमयाची जुनी पद्धत बंद करून बँकेमार्फत रीतसर व्यापार करण्याचे ठरले. पण पलीकडे बँकाच चालत नसतील तर असा नियम तस्करीलाच हातभार लावतो. चौथी, जमिनीच्या प्रकल्पांचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे स्वतंत्रपणे मांडला जावा. किती पूल ठरले, किती झाले, का राहिले, हे आकड्यांत कळले तर समुद्राच्या यशाआड जमिनीचे अपयश लपणार नाही.

मोरेहमध्ये तमिळ भाषकांची एक वस्ती आहे. ब्रह्मदेशात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेली ही कुटुंबे १९६० च्या दशकात जनरल ने विन यांच्या राजवटीत तेथून बाहेर पडली. तमिळनाडूत जम बसेना, म्हणून त्यांतील काहींनी जमिनीच्या मार्गाने परत ब्रह्मदेशात जाण्याचा प्रयत्न केला. सीमा बंद होती. मग ती सीमेवरच थांबली, तेथेच त्यांनी दुकाने थाटली आणि देऊळ बांधले. या गावाने आजवर किती वेळा दार उघडताना आणि बंद होताना पाहिले, याची गणती नाही. १९९५ मध्ये सीमा-व्यापार सुरू झाला तेव्हा मोरेहला बरे दिवस आले होते. २०२३ मध्ये याच गावात घरे जळाली.

आसियानमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून पूर्व तिमोर हा अकरावा सदस्य आला आहे. पुढच्या शिखर परिषदेत अकरा नेत्यांबरोबर आपल्या पंतप्रधानांचे छायाचित्र निघेल, नव्या घोषणा होतील, आणि त्यांचे आपण स्वागतच करू. परंतु या धोरणाची खरी परीक्षा तेथे होणार नाही. इम्फाळचा एखादा व्यापारी सकाळी माल घेऊन तामूला गेला आणि संध्याकाळी पैसे घेऊन सुखरूप घरी परतला, तर पूर्वाभिमुख धोरण यशस्वी झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत आपण पूर्वेकडे केवळ पाहतच आहोत, असे म्हणावे लागेल.